वायमार आणि बुखेनवाल्ड : ‘विरोधाभास’ नावाची पळवाट

१/
शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचलेला जर्मन कवी मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असतो. नाचण्याची गोष्ट आख्यायिकेतली. पण कालिदासाच्या नाटकावर गटेने १७९१ साली लिहिलेले चार ओळींचे स्तुतिकाव्य खरे आहे, आणि ‘फाउस्ट’च्या आरंभीचा रंगभूमीवरील प्रवेश संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेवरून सुचला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. हा गटे १७७५ पासून १८३२ साली मृत्यू येईपर्यंत ज्या गावात राहिला, ते जर्मनीच्या थ्युरिंगिया राज्यातील वायमार. गावापासून आठ-एक किलोमीटरवर एट्टर्सबर्ग नावाची टेकडी आहे. बुखेनवाल्डची छळछावणी त्याच टेकडीवर होती.

२/
वायमारला जाऊन आलेला जवळजवळ प्रत्येक प्रवासी या ठिकाणी एकच वाक्य लिहितो : केवढा हा विरोधाभास! सकाळी कवीचे घर, दुपारी काटेरी तारा. वाक्य प्रामाणिक असते आणि त्यामागचा धक्काही खरा असतो. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने ते नाकारले पाहिजे. ‘विरोधाभास’ म्हटले की दोन गोष्टी निव्वळ योगायोगाने शेजारी आल्या असे ठरते, आणि मग त्यांच्यातील संबंध शोधण्याची गरजच उरत नाही. वायमारच्या बाबतीत हा संबंध कागदोपत्री सापडतो. तो पुढे क्रमाने मांडला आहे.

३/
आधी गावाची थोरवी, कारण ती खोटी नाही. राजमाता आना अमालिया हिच्या आश्रयाने १७७२ साली वीलांड आला, मग गटे, १७७६ साली हेर्डर आणि १७९९ साली शिलर. जेमतेम काही हजार वस्तीच्या या राजधानीत जर्मन साहित्याचे अभिजात युग घडले. राष्ट्रीय रंगमंदिरासमोर गटे आणि शिलर यांचा जोडपुतळा १८५७ पासून उभा आहे. त्याच रंगमंदिरात १९१९ साली जर्मनीच्या पहिल्या प्रजासत्ताकाची घटना संमत झाली. त्याच वर्षी वाल्टर ग्रोपिउसने येथे बाऊहाउस ही कलाशाळा स्थापन केली. युनेस्कोच्या जागतिक वारशात हे गाव दोनदा नोंदलेले आहे, बाऊहाउससाठी १९९६ साली आणि अभिजात वायमारसाठी १९९८ साली.

४/
प्रवासी-पुस्तिका येथे थांबतात आणि एकदम १९३७ वर उडी मारतात. त्यामुळे सुसंस्कृत गावावर बाहेरून वावटळ आली, असा समज होतो. मधली अठरा वर्षे मात्र वेगळे सांगतात. १९२४ च्या निवडणुकीनंतर थ्युरिंगियात उजव्या पक्षांचे सरकार आले. त्याने बाऊहाउसचे अनुदान निम्म्यावर आणले. शाळेला १९२५ साली वायमार सोडून डेसाऊला जावे लागले. हिटलर तेव्हा सत्तेच्या जवळपासही नव्हता. गटेच्या गावाला हे नवे लोक नकोत, ही मागणी गावातल्याच प्रतिष्ठितांची होती.

५/
जर्मनीतील बहुतेक राज्यांत हिटलरला जाहीर भाषणाची बंदी असताना थ्युरिंगियात ती नव्हती. म्हणून जुलै १९२६ मध्ये नाझी पक्षाचे अधिवेशन वायमारला भरले. जागा होती तेच राष्ट्रीय रंगमंदिर. ज्या सभागृहात प्रजासत्ताकाची घटना जन्मली, त्याच सभागृहात तिचे वैरी सात वर्षांनी बसले. पक्षाच्या युवक संघटनेला ‘हिटलर युवक’ हे नाव मिळाले, तेही याच अधिवेशनात.

६/
जानेवारी १९३० मध्ये विल्हेल्म फ्रिक थ्युरिंगियाचा गृह व शिक्षणमंत्री झाला. जर्मनीतील कोणत्याही राज्य सरकारातील हा पहिला नाझी मंत्री. त्याच वर्षी वायमारच्या राजवाड्यातील संग्रहालयातून क्ले, कँडिन्स्की, डिक्स, बारलाख अशा आधुनिक कलावंतांच्या कृती उतरवण्यात आल्या. बाऊहाउसच्या जुन्या इमारतीतील ऑस्कर श्लेमरची भित्तिचित्रे नष्ट करण्यात आली. शेजारच्या येना विद्यापीठात, विद्यापीठाचा विरोध डावलून, हान्स ग्युन्टर याच्यासाठी वंशशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले. हिटलर चॅन्सेलर होण्यास अजून तीन वर्षे होती. वायमारमध्ये त्याची रंगीत तालीम चालू होती.

७/
हे सारे वारशाच्या नावाने झाले, आणि वादाचा गाभा इथेच आहे. आधुनिक चित्रे उतरवणारे लोक स्वतःला संस्कृतीचे शत्रू समजत नव्हते, राखणदार समजत होते. नीत्शेची बहीण एलिझाबेथ हिने भावाच्या वायमारमधील दप्तरखान्यात हिटलरचे स्वागत केले, आणि १९३५ साली तिच्या अंत्यविधीला तो स्वतः हजर राहिला. नाझींनी वायमारची संस्कृती चोरली, असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु चोरीसाठी धन्याचा विरोध असावा लागतो. इथे घरातल्या पुष्कळांनी दार आतून उघडले होते.

८/
जुलै १९३७. साक्सेनहाउसेनहून आणलेले पहिले १४९ कैदी एट्टर्सबर्गवर उतरले आणि जंगलतोड सुरू झाली. छावणीचे ठरलेले नाव टेकडीवरूनच होते, ‘एट्टर्सबर्ग’. त्यावर वायमारमधील नाझी सांस्कृतिक संघटनेने हरकत घेतली. या टेकडीशी गटेच्या आयुष्याच्या आठवणी निगडित आहेत, तेव्हा ते नाव छावणीला नको, असा तिचा आग्रह होता. छावण्यांचा प्रमुख थिओडोर आयके याने ही हरकत हिमलरला पत्राने कळवली आणि काही दिवसांतच नवे नाव ठरले : बुखेनवाल्ड, म्हणजे बीच वृक्षांचे वन. हे नाव गटेच्या नावाला धक्का लागू नये म्हणून घडवलेले आहे. हरकत छावणीला नव्हती, केवळ नावाला होती.

९/
टेकडीवरील झाडे तोडताना एक जुना ओक मात्र एस.एस.ने राखला. कैदी त्याला ‘गटेचा ओक’ म्हणत. गटे त्याच झाडाखाली बसल्याचा पुरावा नाही, पण नावामागची भावना स्पष्ट आहे. भोवती माणसे मरत होती आणि झाड सुरक्षित होते. निर्वासित लेखक जोझेफ रोट याने १९३९ च्या मे महिन्यात, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, आपले शेवटचे टिपण या ओकवर लिहिले. २४ ऑगस्ट १९४४ रोजी छावणीलगतच्या शस्त्रकारखान्यांवर बॉम्ब पडले, त्या आगीत झाड होरपळले आणि नंतर तोडले गेले. ब्रुनो आपिट्स या कैद्याने त्याच्या लाकडातून एका मृताचा मुखवटा कोरला. बुंधा आजही जागेवर आहे.

१०/
आकडे नीट समजून घ्यावेत. बुखेनवाल्ड ही आउश्वित्झ-बिर्केनाउ किंवा त्रेब्लिंकासारखी विषारी वायूची मृत्युछावणी नव्हती. येथे उपासमार, रोगराई, गुलामी श्रम, मारहाण, वैद्यकीय प्रयोग आणि गोळ्या यांनी माणसे मारली गेली. १९३७ ते १९४५ या काळात पन्नासाहून अधिक देशांतील सुमारे २,८०,००० माणसे ही छावणी आणि तिच्या शंभराहून अधिक उपछावण्यांतून गेली. सुमारे ५६,००० मेली. त्यांपैकी सुमारे ८,००० सोव्हिएत युद्धकैदी होते. घोड्यांच्या जुन्या पागेत, उंची मोजण्याच्या बहाण्याने भिंतीशी उभे करून, पाठीमागच्या फटीतून मानेत गोळी घालून त्यांना ठार करण्यात आले.

११/
छावणीच्या फाटकावर लोखंडी अक्षरे आहेत, अर्थ : ज्याचे त्याला. रोमन कायद्यातील न्यायाचे हे जुने तत्त्व. अक्षरे आतून वाचता यावीत अशी बसवलेली आहेत. ती बाहेरच्या जगासाठी नव्हती, हजेरीच्या मैदानात उभ्या असलेल्या कैद्यांसाठी होती. त्यांची घडण फ्रान्झ एर्लिख या कम्युनिस्ट कैद्याने केली. तो बाऊहाउसचा विद्यार्थी होता, आणि हाकलून दिलेल्या त्या शाळेची छाप त्या अक्षरांच्या वळणात आहे. याच एर्लिखने छावणीच्या बांधकाम कार्यालयात एस.एस.साठी इतर आराखडेही काढले. त्यामुळे त्याच्या गोष्टीतून सोयीचा नायक काढता येत नाही.

१२/
‘गावाला काही माहीत नव्हते’ या दाव्याची उलटतपासणी सोपी आहे. नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारानंतर सुमारे १०,००० ज्यू पुरुष बुखेनवाल्डला आणले गेले, ते वायमारच्या रेल्वे स्थानकावरून. १९४० साली छावणीला स्वतःचे शवदाहगृह मिळेपर्यंत कैद्यांची प्रेते वायमार नगरपालिकेच्या शवदाहगृहात जळत. त्यानंतरच्या भट्ट्या शेजारच्या एरफुर्ट शहरातील टोप्फ आणि पुत्र या कंपनीने बनवल्या. मृत्यूंच्या नोंदींसाठी ‘वायमार २’ असे स्वतंत्र नोंदणी कार्यालय निघाले. कैद्यांच्या पत्रांवर पत्ता असे : वायमार-बुखेनवाल्ड. वायमारमधील गुस्टलॉफ शस्त्रकारखान्यात कैदी रोज राबत. हवाई हल्ल्यांनंतर गावातले ढिगारे उपसायला कैदीच येत.

१३/
येन्स श्ली या इतिहासकाराने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा विषय नेमका हा आहे : शहर आणि छावणी यांचा शेजार. त्यातून दिसते ते गुपित कारस्थान नव्हे. दिसतात पुरवठादार, कंत्राटदार, कारकून आणि गावात घर करून राहणारी एस.एस. कुटुंबे. जगात सर्वत्र शेजार जसा चालतो, तसाच तो चालला. व्यवहाराला कोणी ‘विरोधाभास’ म्हणत नाही. हिशेबाच्या वहीत दोन्ही नावे एकाच पानावर असतात.

१४/
आणि आता शिलरचे घर. महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने कवीचे मूळ लाकडी सामान सुरक्षित ठिकाणी हलवायचे ठरले. पण भाविक येणार, घर रिकामे कसे ठेवायचे? म्हणून १९४२-४३ मध्ये हुबेहूब नकला करवून घेण्यात आल्या. त्या बुखेनवाल्डच्या सुतारशाळेत कैद्यांनी घडवल्या. स्वातंत्र्याचा कवी म्हणून जर्मनांनी ज्याला पुजले, त्याच्या मेजाची प्रतिकृती गुलामांच्या हातची होती. पाहुणे ती बघून भारावत असतील. लेखक डीटर क्युन याने २००५ साली या मेजावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

१५/
या एका प्रसंगापुढे ‘विरोधाभास’ हा शब्द टिकत नाही. येथे संस्कृती एका बाजूला आणि क्रौर्य दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करायला जागाच उरत नाही. क्रौर्याच्या यंत्रणेकडे संस्कृतीच्या जतनाचे काम सोपवलेले आहे. लाकूड वाचवायचे होते, त्यासाठी माणसे वापरली. शिलरवर प्रेम करणाऱ्या कुणाला त्यात काही खटकले, याचा मागमूस त्या व्यवहारात दिसत नाही. वस्तूवर इतके प्रेम आणि माणसाविषयी इतकी बधिरता एकाच मनात सुखाने नांदू शकतात. वायमार शिकवते ते हे, आणि तेवढेच ऐकायला अवघड जाते.

१६/
११ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्य टेकडीवर पोहोचले. फाटकावरचे घड्याळ आजही सव्वातीन दाखवते. सुमारे २१,००० कैदी जिवंत होते, त्यांत नऊशेच्या आसपास मुले व किशोर. पाच दिवसांनी, १६ एप्रिलला, अमेरिकनांनी वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना टेकडीवर चालत नेले आणि प्रेतांचे ढीग दाखवले. मार्गारेट बर्क-व्हाइट हिने त्या दिवशी टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यात लोक तोंड फिरवताना, रुमाल नाकाला लावताना दिसतात. आम्हाला काही ठाऊक नव्हते, हे पालुपद तेव्हापासून सुरू झाले.

१७/
त्यानंतर सबब तयार झाली. वयोवृद्ध इतिहासकार फ्रीडरिख माइनेके याने १९४६ साली जर्मन आपत्तीवरील पुस्तकात उपाय सुचवला : गावोगावी गटेमंडळे काढावीत आणि अभिजात काव्याच्या वाचनाने राष्ट्राचा आत्मा सावरावा. १९४९ साली, गटेच्या द्विशताब्दीच्या उत्सवात, निर्वासनातून परतलेला साहित्याभ्यासक रिचर्ड आलेविन याने या वृत्तीला नाव दिले. गटेला सबब म्हणून वापरू नका, असे त्याने बजावले. वायमारकडे जाताना वाटेत बुखेनवाल्ड लागते आणि त्याला वळसा घालता येत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ‘विरोधाभास’ म्हणणारा प्रवासी नकळत हाच वळसा घेतो.

१८/
येथे उलट टोकाची चूकही टाळली पाहिजे. गटेपासून हिटलरपर्यंत सरळ रेघ ओढणारे लोक आहेत. ती रेघही तितकीच आळशी आहे, कारण टेकडीवर कैदीही त्याच संस्कृतीचे वारस होते. ‘सामूहिक स्मृती’ ही संकल्पना इतिहासाच्या अभ्यासाला देणारा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्ब्वाक्स मार्च १९४५ मध्ये बुखेनवाल्डमध्ये मेला. त्याचा विद्यार्थी व सहकैदी होर्हे सेम्प्रुन याने पुढे लिहून ठेवले आहे की, शेवटच्या क्षणी त्याने गुरूच्या कानाशी बोदलेअरची कविता म्हटली. कविता तीच, कोणी तिचा उपयोग मरणाऱ्याला सोबत म्हणून केला, कोणी कुंपण म्हणून.

१९/
दोष काव्यात नव्हता, मालकीहक्कात होता. वायमारच्या प्रतिष्ठितांनी वारसा हा विचार म्हणून न जपता मालमत्ता म्हणून जपला. मालमत्तेला कुंपण लागते, राखणदार लागतो, आणि कोण आपला, कोण परका याची यादी लागते. ती यादी १९२४ साली कलाशाळेवर चालली, १९३० साली चित्रांवर आणि १९३७ नंतर माणसांवर. प्रत्येक पायरी अटळ नव्हती, प्रत्येक ठिकाणी नाही म्हणणे शक्य होते. म्हणूनच जबाबदारीचा प्रश्न उरतो. योगायोगाला जबाबदार कोणीच नसतो.

२०/
स्मारकेही निष्पाप नसतात. ऑगस्ट १९४५ ते फेब्रुवारी १९५० या काळात सोव्हिएत सत्तेने याच जागी ‘विशेष छावणी क्रमांक २’ चालवली. तेथे सुमारे २८,००० माणसे डांबली गेली आणि ७,००० हून अधिक मेली. पूर्व जर्मनीने १९५८ साली घंटामनोरा आणि फ्रित्झ क्रेमरचे शिल्प उभारून भव्य स्मारक केले. त्यात कम्युनिस्ट लढवय्ये अग्रभागी होते. ज्यू, सिंती व रोमा आणि समलिंगी कैदी जवळजवळ अदृश्य होते, आणि सोव्हिएत छावणीचे तर नावही नव्हते. राज्यकर्ते बदलले, तरी सोयीचे तेवढेच आठवण्याची खोड गेली नाही.

२१/
१९९० नंतर स्मारकाची फेरमांडणी झाली. ज्यू कैद्यांचे स्मारक १९९३ साली आले, सिंती व रोमांचे १९९५ साली, सोव्हिएत छावणीचे संग्रहालय १९९७ साली. हजेरीच्या मैदानात जमिनीत बसवलेली एक साधी धातूची पाटी आहे. कैद्यांच्या देशांची व समूहांची नावे तीवर कोरलेली आहेत. होर्स्ट होहाइझेल आणि आंद्रेआस क्निट्स यांनी १९९५ साली घडवलेली ही पाटी बारा महिने ३७ अंशांवर ठेवली जाते, म्हणजे माणसाच्या शरीराइतकी उबदार. हिवाळ्यात भोवती बर्फ साचते, पाटीवर ते टिकत नाही. हात टेकायला गुडघे टेकावे लागतात.

२२/
हा वाद संपलेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये थ्युरिंगियातील एएफडी पक्षाचे नेते ब्यॉर्न होके यांनी जर्मनीच्या स्मरणाच्या धोरणात १८० अंशांचे वळण मागितले. दहा दिवसांनी बुखेनवाल्डच्या स्मृतिसोहळ्यात त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. २०२२ साली छावणीतील मृतांच्या स्मरणार्थ लावलेली सात झाडे अज्ञातांनी कापून टाकली. सप्टेंबर २०२४ मध्ये हाच पक्ष सुमारे एक तृतीयांश मते मिळवून थ्युरिंगियात पहिला आला. सरकार मात्र त्याला बनवता आले नाही. १९३० साली फ्रिकला मंत्रिपद मिळाले तेही याच राज्यात. इतिहासाची पुनरावृत्ती होतेच, असे येथे सुचवायचे नाही. पण ‘विरोधाभास’ म्हणून मिटवलेली चौकशी पुन्हा उघडणे किती निकडीचे आहे, ते यावरून कळावे.

२३/
यावर आक्षेप येईल : प्रवासी चार दिवसांसाठी जातो, त्याच्या खांद्यावर इतके ओझे कशाला? उत्तर असे की, ओझे त्याने आधीच उचललेले आहे. गटेच्या घरासमोर छायाचित्र काढणारा माणूस वारशाचा वाटा घेतच असतो. शाकुंतलाच्या आख्यायिकेवर अभिमानाने मान डोलवणारा मराठी वाचकही घेतो. वाटा घ्यायचा तर खातेवही सगळी वाचावी. जमेची पाने फाडून नेणाऱ्याला वारस म्हणत नाहीत.

२४/
म्हणून वायमारला जाणाऱ्या तरुण अभ्यासकाने फेरीचा क्रम उलटा करावा. स्थानकावरून बुखेनवाल्डला बस जाते. शेवटचा टप्पा कैद्यांनी बांधलेल्या रस्त्यावरून आहे; त्या रस्त्याला ‘रक्तमार्ग’ म्हणतात. आधी टेकडी पाहावी. फाटकावरची अक्षरे आतून वाचावीत, ओकच्या बुंध्याशी थांबावे, पाटीवर तळवा ठेवावा. मग खाली उतरून शिलरच्या घरी जावे. तेथील मेजासमोर उभे राहिल्यावर, हे मेज वाचवताना त्याची नक्कल कोणाच्या हातांनी घडवली, हे आठवावे. तो प्रश्न ज्याला पडला, त्याला ‘विरोधाभास’ हा शब्द पुन्हा लिहिता येणार नाही.

(समाप्त)